चाळीस मिनिटं

शनिवारी मारिबोरच्या त्या शाळेची किल्ली माझ्याकडे असते.
द्रावा नदीवर धुकं, रेडिएटर थंडगार,
भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता,
त्यातल्या क्लोरिनला कुणीतरी मिशा काढलेल्या.
मी वीस खुर्च्या मांडतो, मग नऊ उचलून ठेवतो.
रिकाम्या खुर्च्या दिसल्या की बोलणारा अडखळतो,
हे बारा वर्षांत शिकलोय.
एवढंच शिकलोय म्हणा.

आम्ही डेटाबेस सांभाळणारी माणसं.
काम नीट झालं तर कुणाला पत्ता नसतो,
बिघडलं की जिल्हाभर बोभाटा.
म्हणून आमच्यात झाकली मूठ सव्वा लाखाची:
पासवर्ड झाकलेले,
चुका त्याहून.

आज येर्नेया होचेवार, दूध संघातली.
चारचौघांत पहिल्यांदाच बोलतेय,
पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून.
म्हणाली,
एका गोठ्याचा फॅटचा आकडा दुरुस्त करायचा होता.
कुठला गोठा, ती ओळ लिहायची राहिली
आणि मी एंटर दाबलं.
त्या रात्री आमच्या सबंध खोऱ्यातल्या गाईंनी
एकसारखं दूध दिलं.
तीन पूर्णांक आठ.
डोंगरावरच्यांनी, खालच्यांनी,
आटलेल्यांनीसुद्धा.

आम्ही हसलो.

बॅकअप? होता की.
नऊ महिने रोज पहाटे हिरवी खूण.
तो परत उतरवून बघितला होता का कुणी?

आता कुणी हसलं नाही.
अकरा पेनांची टोपणं निघाली.

शेवटी कामी आली संकलन केंद्रावरची तेरेझिया,
जिचा संगणकावर काडीचा विश्वास नव्हता.
तिच्या चौकटीच्या सात वह्या,
पानांवर दुधाचे सुकलेले डाग,
एका समासात नुकत्या जन्मलेल्या वासराचं नाव.
तीन दिवस त्यावरून आकडे परत भरले, एकेका गाईचे.

मागच्या बाकावरून झिगाने विचारलं,
चूक कळायला किती वेळ लागला?
चार सेकंद.
आणि सांगायला?

तिने ग्लास खाली ठेवला.
चाळीस मिनिटं.
आधी हात धुतले. परत धुतले.
मग खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं.
झाड प्लॅस्टिकचं होतं.
तेवढ्यात लॉग फिरून स्वतःवरच लिहिला गेला.
लगेच बोलले असते
तर वह्या लागल्याच नसत्या.

पुढे इंडेक्स होते, आलेख होते, बाणांचे रंग होते.
तिने ते भरभर उलटले.
मला त्यातलं एकही आठवत नाही.
झिगा मात्र उठून बाहेर गेला,
दाराच्या फटीतून त्याचा दबका आवाज:
आत्ता. रिकाम्या मशिनवर उतरवून बघ.
हो, शनिवार आहे, माहितीये मला.

अकरा माणसांच्या टाळ्या त्या,
पातळच वाजतात.
नंतर कॉफी, अक्रोडाचा पोतित्सा,
आणि दुधाने तोंड पोळलेल्या बाईभोवती
कॉफी फुंकत उभे आम्ही सगळे.
कुणीतरी विचारलं, ती कुंडी अजून आहे का?
आहे, म्हणाली. धूळ पुसते आता तिची.

माझंही एक आहे.
पाणीपुरवठा खातं, नोव्हेंबर, पंधरा वर्षं झाली.
अहवालात 'हार्डवेअरमधला दोष' असं लिहिलंय,
खाली माझी सही.
हार्डवेअर बिचारं तेव्हाही गप्प होतं.

सगळे गेल्यावर फळ्याशेजारचा मे महिन्याचा कागद बघितला.
वक्त्याच्या रकान्यात नाव लिहिलं, पेन्सिलीने.
विषयाचा रकाना तसाच सोडला.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे,
अजून ठाऊक नाही इतकंच;
हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

रेडिएटर आत्ता कुठे तापला होता.
कुलूप लावायला निघालो,
आणि मग परत आत येऊन
थोडा वेळ बसलो,
मागच्या बाकावर.